भिंतीला हात लावून

आमची गल्ली एका भिंतीपाशी संपायची. दोन्ही बाजूंना दहा-दहा घरं आणि शेवटी डोक्याच्या वर जाणारी विटांची भिंत. तिच्यावर प्लास्टर कधी झालंच नाही. रिक्षावाले आत शिरण्याआधी विचारायचे, "आगे से निकल जाएगा क्या?" आम्ही "नहीं भिया, बंद है" म्हटलं की ते गल्लीच्या तोंडाशीच उतरवून द्यायचे. भिंतीपलीकडे शेत होतं. हिवाळ्यात गच्चीवरून गहू दिसायचा, एखाद्या वर्षी हरभरा. इंदूर तिथे संपतं, असं मी लहानपणी समजत होते.

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, त्याला आता तीन वर्षं होतील. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतो, आणि शब्द तोंडात जड झाले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. रोज संध्याकाळी साडेपाचला बाबा काठी काखेत धरून डाव्या हाताने फाटक उघडायचे, मग काठी हातात घेऊन गल्लीच्या मधोमध भिंतीपर्यंत जायचे. तिथे काठी भिंतीला टेकवायची, डावा हात विटेवर ठेवायचा आणि वळायचं. हात लागल्याशिवाय फेरी धरायची नाही, हा त्यांचाच नियम. अशा चार फेऱ्या. आई सुरुवातीला फाटकात उभी राहायची. पुढे तिने ते सोडलं, कारण गल्लीत येणारं वाहन म्हणजे आमच्याच कुणाची स्कूटर, आणि ती बाबांना बघून आपोआप हळू व्हायची. आंघोळीपासून जेवणापर्यंत सगळ्याला त्यांना माणूस लागायचं. या चार फेऱ्या तेवढ्या त्यांच्या एकट्याच्या होत्या.

भिंतीजवळच्या सिमेंटच्या बाकावर समोरचे काका बसलेले असायचे. ते कॉलनीचे सेक्रेटरी. निवडणूक कधी झाली नाही, पण आम्हाला आठवतं तेव्हापासून तेच. बाबा जवळ आले की ओरडायचे, "आओ साहेब! तीन झाल्या, अभी एक बाकी आहे, भागून जाऊ नका." बाबांना हसताना तोंडाची एकच बाजू वर उचलता येते. काकांसाठी ते ती उचलायचे.

मी कॉलेजात असताना शेतात पाटी लागली. मग काळी माती उकरली गेली आणि तिचे ढीग आमच्या भिंतीला येऊन टेकले. मग टॉवर उभे राहिले, सात. काही दिवस आम्ही गच्चीवर जाऊन त्यांच्याकडे बघायचो. नंतर लक्षात आलं, आता तेच आमच्याकडे बघतायत. आईने गच्चीवर पापड वाळत घालणं बंद केलं.

काकांना या विषयावर किती बोलू असं व्हायचं. "पानी आपलं, सडक आपली, आणि टॉवर यांचे. पुण्या-नाशिकहून येतात आणि आपल्यालाच शिकवतात की मराठी कशी बोलायची. अरे भिया, आम्ही आलो तेव्हा इथे बिजली नव्हती. साहेब कृष्णपुऱ्याच्या बँकेत सायकलीने जायचे, पूछ लो."

एकदा दूधवाल्या बाईंनी हे ऐकलं. त्या मागच्या गावातल्या, ज्यांची ती शेतं होती. किटली उचलता उचलता म्हणाल्या, "भींत तो आप लोग ने ही बनवाई थी, बाबूजी. पेले हमारी बैलगाड़ी यहीं से निकलती थी."

त्यावर काका म्हणाले की आजकल दूध पातळ येतंय.

टॉवरवाल्यांनी निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे, अर्ज केला की ही भिंत तोडून रस्ता मोकळा करावा. नकाशात म्हणे तो रस्ता पहिल्यापासून होता. झोन ऑफिसने दोन्ही बाजूंचं म्हणणं लेखी मागवलं. काका आमच्याकडे आले आणि मला म्हणाले, "बेटा, आपत्तीचा अर्ज तू लिही, भिंत तोडायला हरकत आहे म्हणून. इंग्लिशमध्ये. हिंदी का अर्ज गठ्ठ्यात जातो, इंग्लिशचा साहेबाच्या टेबलवर जातो. तुझ्या बाबांनी कॉन्व्हेंटमध्ये उगाच टाकलं का तुला?"

शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, घरी मराठी. तिन्ही भाषांत मी कमीच बोलते. पण लिहायला सांगितलं तर लिहिते. गल्लीतली म्हातारी माणसं कशी निर्धास्त फिरतात, वाहतूक सुरू झाली तर त्यांचं घराबाहेर पडणंच कसं बंद होईल, असं दीड पान लिहून दिलं. बाबांनी ते वाचलं. बँकेत सगळा इंग्रजी पत्रव्यवहार त्यांच्याकडे असायचा. एका ठिकाणी स्वल्पविरामावर बोट ठेवलं, म्हणजे तो काढ. बाकी मान हलवली.

माझी नोकरीही कागदांचीच. बायपासजवळच्या एका ऑफिसात बाहेरदेशी जाणारी पत्रं मी तपासून देते. तिथे माझ्या शेजारी एक ताई बसते. नाशिकची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. नवरा आणि लहान मुलगी घेऊन दोन वर्षांपूर्वी इथे आली. पहिल्याच दिवशी "अगं, तू मराठी? मग सांगायचं नाही का!" म्हणून तिने माझ्या डब्यात तिची भाजी वाढली. त्यानंतर मला विचारलंही नाही, रोज वाढत गेली.

"इथे सगळं छान आहे गं," एकदा ती म्हणाली. "स्वच्छ आहे, माणसं गोड बोलतात. पण घरी कुणी बोलावत नाही. 'आइए कभी' म्हणतात आणि पत्ता सांगत नाहीत."

मी हसले. पत्ता मीही सांगितला नाही. ती त्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहते, हे मला तोवर कळलेलं होतं.

मग एका दुपारी जेवताना ती म्हणाली, "आमच्या बाल्कनीतून मागची एक गल्ली दिसते. तिथे एक आजोबा आहेत. रोज संध्याकाळी काठी टेकत भिंतीपर्यंत येतात, भिंतीला हात लावतात आणि परत जातात. पुन्हा येतात, पुन्हा हात. माझी पोरगी विचारते, आई, ते आजोबा आउट होऊ नये म्हणून पळतायत का?" ती खूप हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं. मी डब्याचं झाकण लावलं आणि पाणी आणायला उठले.

ते माझे बाबा आहेत, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. ते तेव्हा निघाले नाहीत, आणि मग रोज थोडे थोडे अवघड होत गेले.

पुढच्याच आठवड्यात तिने माझ्यासमोर एक कागद ठेवला. टॉवरवाल्यांचा अर्ज. "तेवढं इंग्लिश बघून दे ना. आमच्या सोसायटीत सगळे इंजिनियर, लिहिता एकालाही येत नाही." अर्ज खरंच वाईट होता. मुलांची शाळा भिंतीच्या अलीकडे होती, आमच्या बाजूला. चालत पाच मिनिटांवर, पण मुलांना व्हॅनने मोठ्या रस्त्याला वळसा घालून न्यावं लागायचं. त्यात तिची मुलगीही होती. हे सगळं एका वाक्यात कोंबलेलं. खाली अडचणींची यादी, आणि यादीत शेवटी दोन शब्द: मेडिकल इमर्जन्सी.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून मी कागद घेतला, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. ते पूर्ण खरं नाही. ते दोन शब्द वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ती सकाळ आली.

टॉवरच्या पलीकडे, बायपासला लागून एक हॉस्पिटल आहे. दोन टॉवरांच्या मधून त्याची पाटी आमच्या गच्चीवरून वाचता येते. बाबा न्हाणीघराच्या दारात कोसळले तेव्हा काकांनी गाडी काढली. मागच्या सीटवर बाबांचं डोकं माझ्या मांडीवर. आधी गल्लीतून उलट बाहेर, मग बाजाराचा रस्ता, मग मेट्रोच्या कामाचे पत्रे. तिथे आम्ही अडकलो. काका हॉर्नवरचा हात काढत नव्हते आणि रडत होते. गच्चीवरून दिसणाऱ्या हॉस्पिटलात पोचायला आम्हाला पाऊण तास लागला. डॉक्टर म्हणाले, "थोड़ा पहले ले आते." त्यांनी ते सहज म्हटलं. आमच्या घरात ते वाक्य पुन्हा कधी कुणी उच्चारलं नाही.

मी टॉवरवाल्यांचा अर्ज सगळा नव्याने लिहिला. आणि यादीतल्या त्या दोन शब्दांच्या जागी लिहिलं की भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं राहतात; अलीकडच्या गल्लीतल्या माणसालाही हॉस्पिटल आपल्या गच्चीवरून दिसतं, पण कुणी कोसळलं तर तिथे वेळेत पोचता येत नाही. ताई वाचून म्हणाली, "बाई गं, काय लिहिलंयस! तुला कसं सुचलं?"

सुनावणीला काकांनी बाबांना न्यायचंच ठरवलं. "साहेबांना समोर बसवू. अफसर को दिखे तो सही." आईला ते आवडलं नाही, पण बाबांनीच मान हलवली. त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला. अर्ज मी वाचायचा असं ठरलं.

झोन ऑफिसात एका बाजूला आम्ही आठ-दहा जण, दुसऱ्या बाजूला टॉवरवाले. ताई तिकडे दुसऱ्या रांगेत होती. तिने मला पाहिलं आणि हात वर केला. मग माझ्या शेजारच्या खुर्चीतले बाबा दिसले, खुर्चीला टेकवलेली काठी दिसली. हात खाली आला.

अधिकारी वयाने तरुण होते. दोन्ही कागद बघून म्हणाले, "अंग्रेज़ी में क्यों? चलिए, पढ़ के हिंदी में बता दीजिए, सबको समझना चाहिए." मी वाचलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "हमारी बिटिया ने लिखा है," काका मागून म्हणाले.

मग ताई उठली. तिने मुलांच्या शाळेचं सांगितलं, ते नीट सांगितलं. मग ते वाक्य आलं. आधी इंग्रजी, मग हिंदीत. गच्चीवरून हॉस्पिटल दिसतं, हे म्हणताना ती अडखळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हा कळलं, मला कसं सुचलं ते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते समोर बघत होते. पण त्यांचा डावा हात उजव्या हातावर येऊन बसला. एखादं पत्र आवडलं नाही, पण त्यात चूकही सापडली नाही, की ते असे हात ठेवायचे.

अधिकारी बाबांकडे वळले. "बाबूजी, आप तो वहीं रहते हैं. आप क्या कहते हैं?"

काका पुढे वाकले. बाबांना शब्द गोळा करायला वेळ लागतो.

"बात... सही है."

"कौन सी बात, बाबूजी?"

बाबांनी डावा हात उचलून ताईच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

परतताना काकांनी गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबवली, रिक्षावाल्यांसारखी. मी बाबांना उतरवलं तेव्हा काका पुढे बघतच म्हणाले, "साहेब, तुमच्यासाठीच लढत होतो यार. आम्ही काय दुश्मन होतो का?" बाबांचे ओठ हलले, पण काकांनी गिअर टाकला होता.

मी बाबांचा हात धरायला गेले, तर त्यांनी सोडवून घेतला. आमच्या फाटकावरून ते पुढे गेले, इस्त्रीच्या शर्टात, टळटळीत दुपारी. भिंतीला हात लावला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला आणि परत आले.

दोन महिन्यांत भिंत पडली. एका सकाळी जेसीबी आला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत काम संपलं. बाक काढून बाजूला ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी दिसला नाही. आता गल्लीतून शाळेच्या व्हॅन जातात, डिलिव्हरीवाले जातात, संध्याकाळी टॉवरच्या गाड्या रांगेने जातात. सगळे चांगले लोक आहेत. हॉर्न देतात ते बाबांना त्रास द्यायला नाही, तर सावध करायला. बाबा पहिल्या संध्याकाळी निघाले होते. तिसऱ्या घरापर्यंत गेले, मागून हॉर्न वाजला, वळताना तोल गेला. एका अनोळखी मोटरसायकलवाल्याने त्यांना धरून घरी आणून सोडलं. "अंकलजी को अकेले मत छोड़ा करो," तो आईला म्हणाला.

ऑफिसात ताईने मला एकदाच विचारलं, "तू सांगितलं का नाहीस गं?" मग ती म्हणाली, "मी हसले होते त्यांच्यावर." मी म्हणाले, ठीक आहे. ते ठीक झालं नाही. आता ती माझ्या डब्यात काही वाढत नाही, आणि तिचे कागद दुसऱ्या कुणाला तरी दाखवते. तिच्या घरापासून आमचं घर आता चालत पाच मिनिटांवर आहे. तिची मुलगी आईचा हात सोडून आमच्या फाटकावरून शाळेत जाते. काका समोरच राहतात. त्यांच्या खिडकीचा पडदा त्या सुनावणीपासून ओढलेला आहे.

माझ्या वाक्याबद्दल बाबा मला काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आमच्या घरात असंच असतं.

ते आता घरातच चालतात, पुढच्या दारापासून स्वयंपाकघरातल्या फ्रिजपर्यंत. तिथे हात लावतात आणि वळतात. घर लहान आहे, म्हणून चारच्या वीस फेऱ्या झाल्या. आई भाजी चिरताना पाय आत घेते.

परवा फ्रिजपाशी ते थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती वेळ... लागतो आता?"

कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

"चार मिनिटं," मी म्हणाले. रस्ता सुरू झाला त्याच दिवशी मी स्कूटरने हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाऊन आले होते. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाबांनी मान हलवली, फ्रिजच्या दारावर हात ठेवला आणि वळले.