आचमनाचा हात

सीमेवर उजवा हात मनगटापासून गमावलेला माझा पुतण्या, सैन्याच्या वैद्यकीय मंडळाने सेवेस अपात्र ठरवल्यावर, चांदूर बाजारला घरी परतला. वहिनींनी सत्यनारायण मांडला. पूजा सांगायला मी बसलो. सवयीने म्हणालो, "उजव्या तळहातावर पाणी घे."

तो हसला. "काका, कोन्या हातावर घेऊ? फौजेनं तं अनफिट लिहून देल्लं. देवाच्या घरीबी मेडिकल बोर्ड हाये काय?"

आयुष्यभर पौरोहित्य केले, अडलेल्यांना शास्त्रातले पर्याय सांगितले. त्या क्षणी एकही आठवेना. मी माझ्याच तळहातावर पाणी घेऊन त्याच्या ओठांशी नेले. त्याने मान फिरवली.

"राहू द्या, काका. पूजा तुमीच करा."

पाणी माझ्या बोटांतून ताम्हनात गळत राहिले.