उतार बघून लावलेल्या जिपा

मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप दारात आली, की किस्से वेगळे जमवावे लागत नाहीत. थंडी पडली की रोज एक तयार!

आमच्या ग्रुपमध्ये तीन जिपा. एक माझी, एक सांगलीच्या हळद व्यापारी अण्णांची आणि तिसरी साताऱ्याच्या निवृत्त सुभेदार तात्यांची. तात्या ऐंशीच्या घरात. यंदा त्यांच्या गावच्या शाळेनं सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला त्यांनाच बोलावलं. जाणार अर्थात जीपनंच! त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, लगेच नोटीस दिली, "त्या दिशी बंद पडली, तर दुसऱ्या दिशी भंगारात!"

तात्यांची भूक मेली.

*

अण्णांना सगळं अस्सल लागतं. जीपला मुळात दारं नव्हती, म्हणून यांनीही बसवली नाहीत. डिसेंबरात पहाटे सांगलीहून निघाले आणि माझ्या दारात येऊन नुसतेच बसून राहिले. मी चहा पुढे केला.

"आधी स्टेअरिंगवरची बोटं सोडवा, मग चहा!"

*

माझंही काही कमी नाही. एकदा बंबातलं सगळं गरम पाणी मी रेडिएटरमध्ये ओतलं. गाडी झक्कास सुरू झाली. न्हाणीघरात मेहुणा साबण लावून बसला होता! तो हल्ली उन्हाळ्यातच येतो.

*

काकींची नवी गोधडी सापडेना. घर उलटंपालटं केलं. शेवटी बॉनेट उघडलं, तर इंजिन गोधडी पांघरून निवांत!

काकी म्हणाल्या, "पन्नास वर्सांत मला कवा इचारलं न्हाई, थंडी वाजतीया का म्हणून!"

यावर तात्यांनी बॉनेट हळूच बंद केलं. गोधडी आतच.

*

थंडीत सेल्फवर आमच्या गाड्या सुरू होत नाहीत, म्हणून आम्ही त्या उतार बघूनच लावतो. नातवासाठी मुलगी बघायला तात्या कोरेगावला गेले. परत आल्यावर काकींनी विचारलं, "कसं हाय स्थळ?"

"लय भारी! दारातच उतार हाय."

*

आणि सव्वीस जानेवारी. कडाक्याची थंडी. तात्यांनी सेल्फ मारला, हँडल मारलं, जीप ढिम्म! शेवटी मी आणि अण्णांनी ढकलत उतारावर आणली, तेव्हा कुठे धडधडली. वेळेवर पोचलो, पण शाळेचं मैदान तव्यासारखं सपाट! अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी बंद, आणि झेंडा तर तात्यांनीच फडकवायचा. शेजारी काकी जरीच्या लुगड्यात, तोंड फिरवून. तात्यांचा चेहरा मला बघवेना.

मी मागच्या सीटवरून पुढं सरकणार, एवढ्यात काकी म्हणाल्या, "आवं, उतरा तुमी. मी बघती."

झेंडा फडकला. राष्ट्रगीताला काकी उघड्या जीपमध्येच उभ्या राहिल्या, पाय अॅक्सिलरेटरवर. आम्ही दोघं खाली उतरून सावधान.

तात्या आले. "सरक आता."

"बसा तिकडं!"

तात्या मुकाट्यानं शेजारी बसले. काकींनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि फाटकातून सरळ साताऱ्याचा रस्ता धरला. मी आणि अण्णा मैदानातच उभे!