मिशनवाडीची गठ्ठा मतं

सूर्यभान त्रिभुवन पाटबंधारे खात्यात पाटकरी होता. पाटाला पाणी सुटलं की कुणाची पाळी कधी आणि दार कुठलं उचलायचं, हे बघण्यात त्याची उमर गेली. बागायतदार त्याला तोंडावर चहा पाजत आणि पाठ फिरली की शिव्या घालत. निवृत्त झाल्यावर चहाही बंद झाला आणि शिव्याही. मग रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेला, मिस्साला, ढोलकी वाजवायची, एवढंच मानाचं काम उरलं.

संगमनेरहून प्रवरेच्या कडेकडेनं खाली आलं की पिंपळदरा लागतं, आणि पिंपळदऱ्याच्या शिवेवर मिशनवाडी. वाडी सगळी कॅथलिक, पण नावं सूर्यभान, छबूबाई, अंगद अशीच. बाप्तिस्म्याचं नाव निराळं. सूर्यभानचं सेबास्तियन होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली तर कुणाला बोलावतायत म्हणून तोच मागं वळून बघायचा.

विधानसभेची निवडणूक लागली आणि या माणसाचं नशीब फिरलं.

झालं असं, की हनुमंतराव नावाच्या उमेदवाराचा कार्यकर्ता राम वाडीत टेहळणीला आला. सूर्यभान चर्चच्या ओट्यावर ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसला होता.

रामनं विचारलं, "काका, तुमच्यात मतं गठ्ठ्यानं पडत्यात म्हनं. गठ्ठा कुनाच्या हातात?"

सूर्यभानचं अर्धं लक्ष दोरीकडं. तो म्हणाला, "आमच्यात काय, मी थाप मारली की समदे उठून गायला लागत्यात."

तो बोलला मिस्साच्या पहिल्या गाण्याबद्दल. रामनं ऐकलं भलतंच. ज्याच्या थापेवर अख्खी वाडी उठते तो माणूस मोठाच पुढारी असणार, हे राजकारणात वाढलेल्या पोराला वेगळं सांगायला नको होतं.

दुसऱ्याच दिवशी पांढरी गाडी दारात उभी राहिली. हनुमंतराव स्वतः उतरले. ते सरकारातल्या पक्षाचे. त्यांच्या पक्षाचे वरचे पुढारी टीव्हीवर धर्मांतराच्या विरोधात कडक कायदा आणू म्हणून गर्जत होते, पण वाडीत नळ आला तो हनुमंतरावांच्या खटपटीनं. त्याआधी छबूबाईनं सारा जन्म पाटावरून हंडे वाहिले होते.

छबूबाईनं चहा ठेवला. सूर्यभाननं धीर करून विचारलं, "साहेब, त्या कायद्याचं काय? उद्या घरात जपमाळ केली तर पोलीस येतील का?"

हनुमंतराव हसले. "सूर्यभानभाऊ, ते वरचं. वरचे वर बोलतात. तुमच्या नळाला पानी येतंय ना? ते खालचं. मत खाली बघून द्यायचं."

सूर्यभानची सून मोनिका संगमनेरला दवाखान्यात नर्स होती. ती दाराआडून पुढं आली. "साहेब, गर्भपाताबद्दल, पोटातल्या लेकराच्या जिवाबद्दल तुमचं धोरण काय?"

हनुमंतरावांनी रामकडं पाहिलं, रामनं मोबाईलकडं पाहिलं. मग हनुमंतराव ठासून म्हणाले, "त्यासाठीच तर आमी इथं दवाखाना मंजूर केलाय!" तो दवाखाना सात वर्षं नुसता मंजूरच होता.

ही गाडी गावानं पाहिली, म्हणजे दुसऱ्या उमेदवारानंही पाहिली. ते गहिनीनाथराव. विरोधी पक्षाचे, आणि पिंपळदऱ्याचेच. त्यांचा पक्ष संविधान, अल्पसंख्याक, धर्मस्वातंत्र्य असं सगळं चांगलं चांगलं बोलायचा. अडचण एकच होती. वाडीच्या दफनभूमीला जाणारी पिढ्यान्‌पिढ्यांची वाट गहिनीनाथरावांच्या उसातून जात होती, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती नांगरून टाकली होती. गेल्या श्रावणात सूर्यभानच्या आईची शवपेटी पाटाच्या भरावावरून, चिखलातनं, घसरत घसरत न्यावी लागली. एका वळणाला खांदेकऱ्याचा पाय गेला आणि पेटी कलंडता कलंडता राहिली. त्या वेळी सूर्यभानच्या तोंडून जी शिवी निघाली, ती फादरांनी ऐकली नाही असं दाखवलं.

तर गहिनीनाथराव आले आणि म्हणाले, "सूर्यभान, आमचा पक्ष तुमच्या समाजाच्या पाठीशी खंबीर उभा हाय."

छबूबाई आतून म्हणाली, "पाठीशी उबा हाय ते बरंच हाय, पर वाटंतनं बाजूला व्हाया सांगा की त्याला."

गहिनीनाथरावांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "वाटेचं बघू निवडणुकीनंतर. आता देशाचा प्रश्न मोठा हाय."

दोन गाड्यांनी माणूस बदलतो. सूर्यभान कपड्यांना इस्त्री करू लागला. "आमचा समाज" हा शब्द त्याच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला यायला लागला. मिरजगावच्या पाहुण्याला फोनवर सांगताना तर त्यानं "आमचं अजून ठरलेलं नाही" असं भारदस्त पुस्तकी मराठीत सांगितलं. छबूबाई म्हणाली, "अवो, तुमी सांगितल्यावर मी भाजीत मीठ तरी कमी घालते का? तर मतं फिरवाया निघालेत!"

रविवारी सगळ्यांची नजर फादरांवर. फादर मूळचे वसईचे. उमेदवार त्यांच्याकडंही जाऊन आले होते आणि केळ्यांचे घड ठेवून गेले होते. फादरांनी प्रवचनात सांगितलं की जीवनाचा आदर, गरिबांचा न्याय, धर्माचं स्वातंत्र्य या सगळ्याचा प्रार्थनापूर्वक विचार करा आणि आपापल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या. चर्च कुणाचं नाव सांगणार नाही. मग ते पुढच्या प्रार्थनेकडं वळले.

बाहेर आल्यावर लोकांनी सूर्यभानला घेरलं. "फादर काय म्हनले? कुनाला द्यायचं?"

"बुद्धीला," सूर्यभान म्हणाला.

"ती कुठल्या पक्षाची?" मागून कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला.

शेवटी त्यानं संध्याकाळी जपमाळेनंतर ओट्यावर बैठक बोलावली. पाटकऱ्याचा हिशेब सरळ होता. पाणी थोडं आणि शेतं फार असली तर पाळी लावायची. सगळ्या प्रश्नांत मोठा कुठला ते ठरवायचं आणि सगळं पाणी त्याच दाराला सोडायचं.

त्याचा मुलगा अंगद आधी बोलला. "आरक्षनाचा प्रश्न मोठा. दाखल्यावर ख्रिस्ती लिवलं तर सवलत जाती, हिंदू लिवलं तर फादरपुढं मान खाली जाती. आज्यानं धर्म बदलला, पर गावानं आपली जात कुठं बदलली? हे कोन सोडवनार?"

"दोगं बी न्हाई," मोनिका म्हणाली. "आन् लेकरांच्या जिवाचं? त्याचं तर नाव बी कुनी घेत न्हाई."

कुणी म्हणालं, कायदा आला तर घरातली प्रार्थना बंद होईल. त्यावर दुसरा म्हणाला, तुझ्या घरात प्रार्थना होती कधी? एक म्हातारी म्हणाली, "ज्यानं पानी दिलं त्याला द्या. शास्त्रात बी लिवलंय, तान्हेल्याला पानी पाजलं."

"आन् शास्त्रात मेलेल्याला पुरायचं बी लिवलंय," तिच्या दिरानं टोला दिला. "वाट नांगरनाऱ्याला हरवाया पाहिजे."

"त्याला हरवायचं म्हंजे कायदावाल्याला निवडायचं!"

"मग कायदावाल्याला हरवा!"

"म्हंजे वाट नांगरनाऱ्याला निवडायचं!"

इथं बैठक अडली. दोघातिघांना तर मनातल्या मनात लाडक्या बहिणीचे पैसे आठवत होते, पण ते शास्त्रात बसत नव्हते म्हणून कुणी उघड बोललं नाही. सूर्यभाननं डोकं खाजवलं. आयुष्यभर त्यानं पाटाचं पाणी वाटलं होतं, पण प्रत्येक शेत एकाच वेळी तहानलेलं आणि प्रत्येकाला एकाच थेंबात भिजायचंय, असा पेच त्याच्यापुढं कधी आला नव्हता.

"बरं मग," तो उठत म्हणाला, "ज्यानं त्यानं आपलं आपन द्या." यावर मात्र वाडीचं एकमत झालं.

घरी पोचतो तोच रामचा फोन. "काका, बैठक झाली म्हनं. काय ठरलं?"

"ठरलंय," सूर्यभान म्हणाला. पाठोपाठ गहिनीनाथरावांच्या माणसाचा. त्यालाही तो "ठरलंय" म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. दोन्हीकडं समाधान पसरलं.

मतदानाच्या दिवशी सूर्यभान यंत्रापुढं उभा राहिला आणि त्याचं बोट थिजलं. दोन्ही नावं डोळ्यांपुढं. नळाचं पाणी आठवलं, आणि हंडा नसल्यापासून सरळ झालेली छबूची मान. लगेच चिखलात कलंडता कलंडता राहिलेली आईची पेटी आठवली. मग टीव्हीवरचा तो आवाज, तुम्ही इथले नाही असं काहीतरी सुचवणारा. आपण इथले नाही? आपली आई इथल्या मातीत आहे, आणि तिथं जायलाही वाट नाही. बाहेरून पोलिंगवाला खाकरला. शत्रूवर प्रीती करा असं सूर्यभान लहानपणापासून ऐकत आला होता, पण त्याला मत द्या असं कुठं लिहिलेलं नव्हतं. तरी त्यानं गहिनीनाथरावांचं बटन दाबलं. बाहेर आला तेव्हा त्याला अजिबात बरं वाटत नव्हतं. छबूबाई मात्र खुशीत दिसली.

"कुनाला दिलंस?" त्यानं विचारलं.

"बुद्धीला," ती म्हणाली.

हनुमंतराव निवडून आले, आणि थोडक्या मतांनी आले. थोडक्यात आलेल्या माणसाला मिळालेला प्रत्येक गठ्ठाच निर्णायक ठरला असं वाटतं. गुलालाची मिरवणूक थेट मिशनवाडीत शिरली. पोरांनी सूर्यभानला खांद्यावर घेतलं. तो वरून ओरडत होता, "अरं, सोडा मला! माज्या हातात कायबी नव्हतं. घरचं मत सुद्धा नव्हतं!"

हनुमंतराव गहिवरले. माईक हातात घेऊन म्हणाले, "बघा, किती नम्र माणूस! असा कार्यकर्ता मिळायला भाग्य लागतं." आणि तिथंच त्याला तालुक्याच्या ख्रिस्ती आघाडीचा अध्यक्ष जाहीर केलं. पहिला कार्यक्रमही सांगितला. धर्मांतरविरोधी कायद्याची मागणी करणाऱ्या नेत्यांचा सत्कार, ख्रिस्ती समाजातर्फे.

सूर्यभान खांद्यावरून उतरला तो तसाच, लाल तोंडानं, उसाच्या कडेनं गहिनीनाथरावांच्या वाड्यावर गेला. ते ओसरीवर एकटे बसले होते. हरलेल्या माणसाकडं त्या दिवशी कुणी फिरकत नाही.

"काय सूर्यभान," ते म्हणाले, "जखमेवर मीठ लावाया आलास व्हय?"

"साहेब, मी मत तुमाला दिलंय."

गहिनीनाथरावांनी त्याला आपादमस्तक पाहिलं. गुलाल केसांपासून चपलांपर्यंत होता. "दिसतंय," ते म्हणाले.

"आमच्या चर्चातल्या मतमाउलीची आन. वाट तुमी नांगरली, माज्या आईचे हाल झाले, तरी दिलं. तुमाला न्हाई दिलं खरं तर. तुमचा पक्ष म्हनतो आमी इथलेच हाय, त्याला दिलं. आता तेवढं तुमी बी माना."

गहिनीनाथरावांनी त्याला बसायची खूण केली. मग म्हणाले, "म्हंजे मला शिव्या घालून मत दिलंस."

"व्हय."

"माज्या भावकीनं मला ववाळलं आन् मत तिकडं टाकलं," ते म्हणाले, आणि का कुणास ठाऊक, हसायला लागले.

सूर्यभाननं अध्यक्षपद नाकारलं. सत्काराच्या दिवशी घरात बसून लसूण सोलला. पक्षानं श्रीरामपूरकडचा दुसरा कुणी शोधला. असे शोधले की सापडतात.

फेब्रुवारीत ऊस तुटला. पुढची लागण करताना गहिनीनाथरावांनी बांधाच्या कडेनं एक पट्टा मोकळा सोडला, चार माणसं पेटी घेऊन जातील एवढा. कुणी विचारलं तर ट्रॅक्टर वळवायला सोडलाय म्हणत. आठवड्यात त्या पट्ट्याच्या तोंडाशी पाटी लागली, "आमदार हनुमंतराव यांच्या विशेष प्रयत्नांतून." दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरी लागली, "गहिनीनाथराव यांच्या औदार्यातून." दोन्हींच्या माणसांची पाट्यांवरून बाचाबाची झाली.

पाऊस पडला, तशा पाट्या मऊ मातीत तिरक्या होऊन एकमेकींवर रेलल्या. सूर्यभान मात्र विळा घेऊन गेला आणि आईच्या थडग्यापर्यंतचं गवत कापून आला. पायाला चिखल लागला तो नेहमीचाच, वरवरचा. घरी परत आल्यावर छबूबाईनं विचारलं, "गेलात कुठून?"

"वाटंनं," तो म्हणाला.