पोत्याचा काय दोष

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या काकांना अख्खा बाजार ‘गोदाम’ म्हणायचा. ते हसण्यावारी न्यायचे, पण मनातून स्वतःला खादाड समजून खजील व्हायचे. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा कुठे ते डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्या म्हणाल्या, “चरबीतलं एक हार्मोन मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देतं. तुमच्या मेंदूला तो नीट ऐकू येत नाही, म्हणून भूक मिटत नाही.”

“म्हणजे पारडं भरलं तरी काटा हलत नाही. आणि लोक शिव्या घालतात पोत्याला,” काका करवादले.

घरी ताटावर बसताना ते बायकोला म्हणाले, “माझे घास मोजणारे पुष्कळ भेटले. डॉक्टरीणबाईंनी आज मला निर्दोष सोडलं. तू मात्र तीस वर्षांत कधी खटलाच भरला नाहीस.”