चोर ओळखणारा कुत्रा

आमच्या घराला राखणदार कुत्रा हवा ही सूचना माझी होती, आणि ज्या चोरापासून घर राखायचं होतं तो चोरही मीच होतो.

हे मी आमच्या अंगणाबाहेर आजवर कुठे बोललेलो नाही. (मी तर चहात साखर कमी आहे हेसुद्धा बोलत नाही.) पण आता थकलोय. सांगून टाकतो.

कर्नाटकातल्या आमच्या जे. पी. नगरच्या घरात आम्ही तिघं: मी, बायको वसुधा आणि सासूबाई, म्हणजे सांगलीच्या माई. चौथी लक्ष्मम्मा. अकरा वर्षं आमच्याकडे काम करते. घराची एक किल्ली कायम तिच्या कमरेला. मे महिन्यात वसुधा म्हणाली, "अहो, माळ्यावरची रद्दी तेवढी काढून टाका." सांगितलेलं काम मी त्याच दिवशी केलं, असं आमच्या संसारात एकदाच घडलं. ते हे. गल्लीत ‘हळे पेपर!’ अशी रद्दीवाल्याची आरोळी आली, मी माळ्यावर चढलो आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे, सोबत वर्तमानपत्रातच गुंडाळलेला एक खोका, सगळं त्याच्या हातगाडीवर नेऊन ठेवलं. खोका जड होता. मला वाटलं, जुने दिवाळी अंक असतील. (दिवाळी अंक जडच असतात!)

आषाढात वसुधा माळ्यावर चढली आणि तिथूनच ओरडली, "माई, गौरी कुठायत?"

आमच्या गौरींचे मुखवटे पितळेचे. माईंच्या आईकडून माईंना आणि माईंकडून वसुधाला आलेले. विसर्जन झालं की काळे पडू नयेत म्हणून ते वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवतात. हे मला पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी गुंडाळायला पेपर मीच देतो!

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही. पण तेवढ्यात माई म्हणाल्या, "चोरी झाली गं बाई!" मी ते परत मिटलं.

"टीव्ही आहे, लॅपटॉप आहे," वसुधा शिडीवरून उतरत म्हणाली. "फक्त मुखवटेच गेले. म्हणजे चोर माहितीतलाच."

तिघांनीही स्वयंपाकघराकडे पाहिलं. (मी का पाहिलं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी वसुधा लक्ष्मम्माला म्हणाली, "किल्ली सध्या इकडे राहू दे हं. कुलूप बदलायचंय." लक्ष्मम्मानं कमरेची किल्ली काढून ओट्यावर ठेवली. "सरी, अक्का," बरं ताई, एवढंच म्हणाली. कुलूप काही कुणी बदललं नाही, आणि ते तिला दिसत होतं. तेव्हापासून ती रोज सकाळी बेल वाजवू लागली. बेल दारावर वाजायची, पेपरात तोंड मी खुपसायचो.

माझ्यासारखा माणूस अशा वेळी खरं सांगत नाही. उपाय सुचवतो! "कुत्रा आणू या," मी म्हणालो. "म्हणजे कुणावर संशय नको."

झालं. मी एक्सेल उघडलं. रकाने पाडले: भुंकणं, केस गळणं, माईंना चालणं, आणि सगळ्यात शेवटी ‘चोर ओळखणे’.

"जर्मन शेफर्ड," वसुधा म्हणाली. "नुसता दिसला तरी चोर पळतो."

"तो आपल्या तिघांचं जेवेल," माई म्हणाल्या. "पामेरियन आणा. सांगलीत आमच्या डॉक्टरांकडे होता. बोट फोडलंन् एकदा चावून!"

"चोराचं?"

"नाही, डॉक्टरांचं."

एवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारचे वेंकटेशअण्णा डोकावले. अण्णा पोलिसांच्या श्वानपथकातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मराठी घरच्यासारखं बोलणारे. "परदेशी कुत्रं कशाला, सार? मुधोळ घ्या. नम्म कर्नाटकाचा! स्वल्प ट्रेनिंग दिलं की झालं." त्यांनी फोनवर फोटो दाखवला. माईंनी चष्मा लावला.

"अगंबाई, हा तर आमचा कारवान! आमच्याकडे मेंढपाळांजवळ असायचा. तुमचा कधी झाला?"

"मुधोळ गाव कर्नाटकात आहे, अम्मा."

"कुत्र्याला विचारलंत?"

सीमाप्रश्न अर्धा तास भिंतीवर पेटला. तो मिटू नये असं वाटणारा त्या भिंतीजवळ मी एकटाच होतो, कारण तेवढा वेळ चोराचा विषय निघाला नाही! शेवटी मुधोळच ठरला, आणि तो मीच ठरवला. इंटरनेटवर वाचलं: अंगानं काटकुळा, स्वभावानं लाजाळू, फारसा आवाज करत नाही. म्हणजे थेट मीच की! हा कुणाला काही सांगणार नाही, अशी माझी खात्री पटली. ‘चोर ओळखणे’मध्ये त्याला दहापैकी चार दिले आणि वसुधाला दाखवताना तो रकाना लपवला.

सहा महिन्यांचं ते पिल्लू आलं, सगळे पाय आणि थोडा कुत्रा. माईंनी नाव ठेवलं ‘फौजदार’. (आयुष्यभर हवालदार राहिलेले अण्णा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.) फौजदारानं कुरियरवाल्याला चाटलं, गॅसवाल्याला आत सोडलं, मीटर बघायला आलेल्याच्या पायावर झोपला. लक्ष्मम्माची बेल वाजली की नाचायचा. आणि दर रविवारी रद्दीवाला आमच्या फाटकापुढे थांबून ‘हळे पेपर!’ म्हणून घसा फोडायचा, तेव्हा मी बाथरूममध्ये असायचो आणि फौजदार दाराबाहेर माझी वाट बघत बसायचा.

"ट्रेनिंग पाहिजे," अण्णा म्हणाले. श्रावणातल्या एका रविवारी सकाळी अंगणात सगळे जमले. "एक चोर पाहिजे, सार. घरातलाच चालेल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (त्यात काही अर्थ नव्हता, मी मोकळाच उभा होतो.) अण्णांनी माझ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक डबा दिला. तो घेऊन मी चोरपावलांनी फाटकापर्यंत गेलो. तंतोतंत मे महिन्यासारखाच! फौजदार शेपटी हलवत मला पोचवायला आला. तीनदा केलं, तीनदा आला.

"सार, तुम्ही चोर वाटतच नाही," अण्णा वैतागले. "दुसरं कुणीतरी द्या."

"लक्ष्मम्मा," वसुधा सहज बोलून गेली, "तू हो गं जरा चोर."

लक्ष्मम्मा ओल्या हातांनी दारात आली होती. अकरा वर्षं आमच्याशी मोडकं का होईना, मराठीच बोलणारी ती बाई कानडीत म्हणाली, "नानु कळ्ळी अल्ल, अक्का." मी चोर नाही. मग पदराला हात पुसत राहिली. हात कोरडे झाले तरी पुसतच राहिली.

वसुधाला आपण काय बोललो ते कळलं. अंगणात कुणी कुणाकडे बघेना.

"चोर मी आहे," मी म्हणालो.

"हां सार, आता जमतंय," अण्णा म्हणाले. "आवाज अजून पाहिजे."

"अण्णा, खरंच मी आहे."

"सूपर! आता पळा!"

"पळत नाही! मुखवटे मी दिले! मे महिन्यात! रद्दीत!"

एवढ्या मोठ्यानं मी माझ्या लग्नातसुद्धा बोललो नव्हतो. आणि तोवर कुणावरही न भुंकलेला फौजदार भुंकला. माझ्यावर! थांबेचना. अण्णांनी टाळ्या वाजवल्या.

"रद्दीत?" माई मट्कन खुर्चीत बसल्या. "जावईबापू, गौरी रद्दीत?"

वसुधानं माझ्या काखेतला डबा तेवढा काढून घेतला. ती बोलते तेव्हा मी वाचतो, हे मला अनुभवानं माहीत आहे.

तेवढ्यात फाटकाबाहेर आरोळी आली, ‘हळे पेपर!’ किती आठवड्यांनी मी बाथरूमकडे न जाता फाटकाकडे गेलो. रद्दीवाल्यानं कपाळाला हात लावला. "सार! किती रविवार हाक मारतो, बाहेरच येत नाही तुम्ही! बेल वाजवली की ती अम्मा ‘रद्दी नाही’ म्हणून दार लावते." (माई आभाळाकडे पाहू लागल्या.) "त्या खोक्यात देवरू होते, सार. हळदकुंकू लागलेलं. देवरू काय भट्टीत टाकू? घरी ठेवलेत. रोज फूल घालते माझी बायको."

मी बाथरूममध्ये लपलो नसतो, तर त्या गौरी आषाढातच घरी आल्या असत्या.

त्या भाद्रपदात आल्या. पहिलं हळदकुंकू वसुधानं लक्ष्मम्माला लावलं, दोन्ही हातांनी किल्ली पुढे केली आणि म्हणाली, "चुकलं माझं." लक्ष्मम्मानं किल्ली कमरेला लावली. "सरी, अक्का." पण पुढचे चार दिवस ती बेलच वाजवत होती. पाचव्या दिवशी सकाळी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला, तेव्हा वसुधा ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिनं चहाचा आणखी एक कप मांडला.

माझी किल्ली आता वसुधाकडे असते. माळ्याची शिडीही. संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी बेल वाजवतो आणि फौजदार घर डोक्यावर घेतो. लक्ष्मम्मा दार उघडता उघडता त्याला दटावते, "सुम्मनिरो, सार कणो!" गप्प बस रे, आपले साहेबच आहेत.

तो ऐकत नाही. आणि ‘चोर ओळखणे’मध्ये मी त्याला दहापैकी चारच दिले होते!