एका पगारातली दोघं

आमच्या घरात त्याला दातवाला म्हणतात. हे नाव ऐकलं की लोक आधी तोंड उघडून दाखवतात, मग त्याला सांगावं लागतं की बाबांनो, मी डॉक्टर नाही. डॉक्टर दातांचा साचा घेतो आणि पाठवून देतो. त्यावरून कॅप आणि कवळ्या घडवणारी माणसं कुठल्यातरी मागच्या खोलीत मान खाली घालून बसलेली असतात. त्यांतला हा एक. माझ्या मावसबहिणीचा, म्हणजे आमच्या धाकटीचा नवरा. धाकटीही त्याच कामातली. दोघांचं जमलं ते एकाच बाकावर शेजारी शेजारी बसून, आणि हिचा हात माझ्यापेक्षा सरस आहे, हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. असा जावई मिळायला नशीब लागतं, असं मावशी म्हणायची. मला वाटायचं, खरं बोलला त्यात एवढं काय कौतुक?

त्याला इकडच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा मला इथे येऊन अठरा वर्षं झाली होती. कागदपत्रं त्याच्या नावावर. धाकटी आणि त्यांची सहा वर्षांची लेक चिमणी त्याच्यावर अवलंबून म्हणून येणार, आणि अवलंबून असणाऱ्या बायकोला पहिलं दीड वर्ष कुठलंही काम करायची परवानगी नाही. निघण्याआधी धाकटीनं फोन करून मला एकच विचारलं, "ताई, एका पगारात भागतं का गं तिकडे?"

"न भागायला काय झालं?" मी म्हटलं. "आमचं नाही का भागलं?"

कसं भागलं, ते सांगितलं नाही. पहिली दोन वर्षं मी खालच्या लाँड्रीसाठी पँटी आखूड करून देत होते, रोख पैसे घेऊन, खिडकीचे पडदे ओढून. परवानगी मलाही नव्हती. हे मी आईला कधी कळू दिलं नाही, की नवऱ्यानं त्याच्या भावांना. इकडे आलेला प्रत्येक जण घरी फोन लावला की राजा असतो. मागून येणारा तेच खरं मानून बॅगा भरतो, आणि आल्यावर तोही पुढच्याला तेच ऐकवतो. मी काही जगावेगळं केलं नव्हतं, पण म्हणून त्याला खोटं म्हणायचं नाही असं थोडंच आहे?

ती तिघं आली. माझ्या घरापासून बसचे दोन थांबे सोडून, एका टायरच्या दुकानाच्या वर त्यांना दीड खोली मिळाली. पलंग उघडला की दार उघडत नसे. अर्धा पगार भाड्यात जायचा. धाकटीचे पहिले दोन महिने नुसत्या गुणाकारात गेले. टोमॅटो हातात घ्यायची, आपल्या पैशांत किती झाले ते मनात काढायची आणि परत ठेवायची. मी चिडून म्हणायचे, "अगं, असं करत बसलीस तर तुला श्वास घेणंसुद्धा परवडायचं नाही." ती हसायची आणि कोबी घ्यायची. हीटरचा काटा कधी दोनच्या वर गेला नाही. केस ती घरीच कापायची. लेकीचे बरे कापले जात, दातवाल्याकडे मात्र बघवत नसे.

एवढं सगळं निभावलं असतं. खरी टांगती तलवार वेगळी होती. लॅबच्या मालकीणबाईंनी सहा महिन्यांची मुदत घातली होती. तेवढ्या काळात काम पसंत पडलं तर नोकरी पक्की, नाहीतर कागदपत्रं रद्द, आणि तिघांनी साठ दिवसांत परत जायचं. जाणार कुठे? तिकडच्या दोन्ही नोकऱ्या सोडलेल्या, घर सोडलेलं, भांडीकुंडी वाटून टाकलेली.

आणि काम पसंत पडत नव्हतं. तिकडच्या लॅबमध्ये कामं वाटून दिलेली असत. हा दाढा आणि धातूचं काम करायचा, पुढचे दात धाकटी. इकडे एकाच माणसानं सगळं करायचं. दाढ कशीही झाली तरी खपून जाते, पुढचा दात माणूस हसला की दिसतो. तो आधी मेणात कोरायचा, मग त्यावरून खरा घडवायचा. दातवाल्याच्या हातचे पुढचे दात ठोकळ्यांसारखे व्हायचे. दुसऱ्या महिन्यात एकाच आठवड्यात तीन दात डॉक्टरांकडून परत आले. मालकीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त मुदतीच्या तारखेची आठवण करून दिली.

त्या संध्याकाळी त्यानं सरावासाठी म्हणून एका पेशंटच्या साच्यावरून ओतलेला प्लास्टरचा जबडा कापसात गुंडाळून, जेवणाच्या डब्यातून घरी आणला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो मेण कोरत होता आणि धाकटी बघत होती. बघून बघून किती बघणार? शेवटी तिनं त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी तो दात लगेच पसंत झाला. पुढच्या आठवड्यात डब्यातून दोन जबडे आले, मग चार. संध्याकाळी आलेला जबडा ती दुसऱ्या दिवशी चिमणी शाळेत गेली की खिडकीच्या उजेडात घेऊन बसायची, आणि त्याच्या पुढच्या सकाळी तो डब्यातून परत जायचा. लॅबमध्ये दातवाल्याचं नाव झालं. पगार होता तेवढाच राहिला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. धाकटीचा चेहरा उजळलाय, ती गुणगुणते, टोमॅटो सरळ पिशवीत टाकते, एवढंच मला दिसत होतं. मला वाटलं, रुळली पोरगी. एकदा दुपारी चिमणीसाठी जुने कोट घेऊन न सांगता गेले, तर टेबलावर स्पिरिटचा दिवा पेटलेला आणि खिडकीत ओळीनं पाच जबडे मांडलेले. मी क्षणभर दचकलेच. मग सगळं कळलं आणि माझा आवाज चढला.

"अक्कल गहाण ठेवलीस का? कुणाला कळलं तर तिघांनाही हाकलतील!"

तिनं दिवा विझवला, सुरी पुसली. "तूच म्हणाली होतीस ना, एका पगारात भागतं? मग तो एक पगार टिकवायला नको?"

मी खाली बसले आणि लाँड्रीच्या पँटींची सगळी हकिकत तिला सांगून टाकली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर मोकळंही वाटलं.

तिनं खिडकीतला एक जबडा उचलून कापसात गुंडाळला. मग म्हणाली, "हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"आले असते गं ताई. पण तयारीनं आले असते."

ते बोलणं मला लागलं. लागायलाच हवं होतं.

पुढचं मला दातवाल्यानंच सांगितलं. मुदत संपायला महिना उरला असताना मालकीणबाईंनी त्याला बोलावून एक साचा पुढे ठेवला. घाईचं काम आहे, इथेच माझ्यासमोर करा, म्हणाल्या. त्यानं केलं. दात बरा झाला, बराच म्हणायचा. बाईंनी तो बोटात धरून फिरवला.

"हा उजव्या हाताचा आहे," त्या म्हणाल्या. "तीन महिने मी जे मेण बघतेय ते डाव्या हाताचं आहे. सुरीच्या रेघा उलट्या जातात. कोण आहे?"

धाकटी डावखुरी. मेण भट्टीत जायच्या आधी बाई प्रत्येक दात भिंगाखाली बघत, आणि या दोन शहाण्यांच्या डोक्यात ते आलं नाही! हात बसायला वेळ लागला, दोन्ही हातांनी काम करतो, असं काहीही तो सांगू शकला असता. तो म्हणाला, "माझी बायको. तिला परवानगी नाही हे मला माहीत होतं. चूक माझी आहे, तिला यात ओढू नका."

मालकीणबाईंनी तक्रार केली नाही. उद्यापासून एकही जबडा दाराबाहेर जाणार नाही, एवढंच बजावलं. "चार आठवडे आहेत. आता मी तुमचा हात बघेन."

मग त्या दीड खोलीत शाळाच भरली. लॅबच्या कामाला धाकटीनं बोट लावायचं नव्हतं, पण साबणाला कोण अडवणार? स्वस्तातल्या साबणाच्या वड्या आणून तिनं नवऱ्याला दात कोरायला बसवलं. सुरी अशी धर, कडेला दाबू नकोस, दात सरळ नसतो रे, जरा पोट असतं त्याला! तो चिडायचा, ती त्याहून जास्त चिडायची, चिमणी साबणाचे दात घेऊन आंघोळीला जायची. ती पुढे बसून कोरून दाखवायची, पण तिचा हात उलटा, त्यामुळे याला काही केल्या उमजेना. शेवटी त्याच्या पाठीमागे उभी राहून, त्याचाच उजवा हात धरून तिनं तो वळवला. तिसऱ्या आठवड्यात दातवाल्याचे ठोकळे जरा माणसाच्या दातांसारखे दिसू लागले. चौथ्या आठवड्यात त्याचा एकही दात परत आला नाही.

मुदत संपली त्या दिवशी मी धाकटीकडेच जाऊन बसले होते. कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. दुपारी त्याचा फोन आला. नोकरी पक्की. मालकीणबाई असंही म्हणाल्या होत्या की बायकोला परवानगी मिळेल त्या दिवशी तिला घेऊन या, तिची जागा राखून ठेवते, पण तोवर नाही. तो दिवस यायला अजून वर्ष होतं.

मी तर नाचायचीच बाकी होते. "सुटलात बाई! आता त्याच्या पगारात तुमचं छान भागेल," मी म्हटलं. या वेळी मी खोटं बोलत नव्हते, ओढाताण झाली असती पण भागलं असतं. धाकटीनं मान डोलावली. टेबलावरचा साबणाचा चुरा तिनं गोळा करून टाकला, टेबल पुसलं, कोरडं होतं तरी पुन्हा पुसलं. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि रडायला लागली. आनंदानं रडतेय असं समजून मी तिला थोडा वेळ रडू दिलं. पण ते रडणं थांबेना, तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अगं, आता काय झालं? पक्की झाली ना नोकरी?"

"त्याची झाली, ताई," ती म्हणाली. "माझी गेली."