कोर्ट सगळ्यांचं

खेळायच्या जागेवरून माणसांना दमवण्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात कुणी निघायचा नाही, आणि गंमत म्हणजे ते स्वतः काहीच खेळत नसत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी वैरागच्या एसटीत कंडक्टर म्हणून काढली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी वाद घालण्यात हयात गेली. निवृत्त होऊन होटगी रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत राहायला आले आणि बघतात तो काय, बी विंगमधली इंजिनिअर मुलं भर उन्हात बॅडमिंटन कोर्टावर एक रॅकेट ठेवून संध्याकाळची जागा धरून गेलेली. काकांनी ती रॅकेट उचलली आणि माझ्या दारात आणून दिली. मी सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून दर वर्षी मीच. "मॅडम, हे बेवारस सामान," ते म्हणाले. "माणूस हितं न्हाय, मग जागा कुणाची?" शाळेतून येऊन मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

तेव्हापासून माझ्या संध्याकाळी गेल्या त्या गेल्याच. ऊन उतरलं की काका कोर्टाच्या कडेच्या बाकावर येऊन बसत, इस्त्रीचा सदरा घालून, हातात घराची किल्ली. एक गेम संपला की किल्लीनं लोखंडी खांबावर ठक-ठक करत आणि मुलं कितीही रंगात आलेली असली तरी शांतपणे म्हणत, "चला, उतरा आता." कॅरमच्या खोलीत तेच, बागेतल्या झोपाळ्यावरही तेच. एकदा माझ्या सासूबाई झोपाळ्यावर डोळे मिटून जप करत होत्या. काका अदबीनं समोर उभे राहिले. "आई, जप बाकावर बसूनबी होतो की." सासूबाई उतरल्या आणि नंतर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत, जणू काकांना माहेराहून मीच आणलं होतं.

बरं, नुसतं उतरवून त्यांचं समाधान होत नसे. ज्यानं आपला वाटा कधी घेतलाच नाही, त्याच्यावरही अन्यायच झाला, असं त्यांचं म्हणणं. तळमजल्यावर एक तेलुगू आजी राहायच्या. घरचे यंत्रमाग विकून मुलाबरोबर इथं आलेल्या. एका संध्याकाळी काकांनी मुलांना बाहेर काढलं आणि आजींना कोर्टावर आणून उभं केलं. आजी गोंधळल्या. "मी काय करू हितं?"

"ते तुमचं तुमी बघा. आता कोर्ट तुमचं हाय."

आजींनी घरातून खुर्ची आणवली, बरोबर मधोमध मांडली आणि मेथी निवडायला बसल्या. मुलं रेषेबाहेर रॅकेटी घेऊन ताटकळत उभी, आणि त्यांच्या आया एकामागून एक मला फोन करतायत. मी कपाळाला बाम लावून फोन घेत होते. आजींना मात्र ती जागा आवडली. वारा छान येतो म्हणाल्या.

शेवटी मुलांनी सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. कोर्टाला नवे दिवे आणि नवी जाळी आम्ही आमच्या खर्चानं लावतो, पण संध्याकाळ कायमची आमची. रोजच्या कटकटीला सगळेच विटले होते. भराभर हात वर झाले. काका उठून उभे राहिले तेव्हा मला वाटलं, झालं, आता जेवणं उद्याच. पण ते एवढंच म्हणाले, "पोरं चांगली हायती. पण उद्या एखादं बारकं लेकरू आलं, तर त्याला काय सांगायचं? हे तुझं न्हाय म्हणून?" तरी ठराव झाला. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

काका त्यानंतरही बाकावर येत, पण कुणाला काही म्हणत नसत. मुलं खेळायची, ते बघायचे. एकाचा पाय मुरगळला तेव्हा त्याला खांद्याचा आधार देऊन रिक्षात घालून डॉक्टरकडे तेच घेऊन गेले. हळूहळू मुलंही त्यांना "काका, बघा हां, आउट होता की नाही?" असं विचारायला लागली. काकांना त्यातलं काही कळत नसे. पण ज्याचा चेहरा जास्त पडलेला, त्याच्या बाजूनं ते निकाल देत.

मग एकाला पुण्यात नोकरी लागली. मागोमाग दुसरा गेला, तिसरा बेंगळुरूला. आपल्या गावात त्या पोरांना धरून ठेवण्यासारखं होतं तरी काय? बघता बघता सगळी टोळी पांगली. लहान मुलं क्लासमधून येतात ती मान खाली घालून वर निघून जातात.

परवा शाळेतून येताना बघितलं, काका एकटेच सैल झालेली जाळी ताणून बांधत होते. शेवटी गेलेल्या मुलानं आपल्या दोन रॅकेटी त्यांना देऊन टाकल्या होत्या.

"मॅडम, तुमाला येतं का खेळता?"

"नाही हो."

"मलाबी न्हाय."

मी पर्स बाकावर ठेवली. बॅडमिंटनचं फूल कधी जाळीत अडकायचं, कधी माझ्या डोक्यावरून थेट जास्वंदीत. दर वेळी काका स्वतः जाऊन ते शोधून आणत, आणि धापा टाकत पुन्हा उभे राहत. थोड्या वेळानं माझे पाय भरून आले. "काका, बास करू या का?"

त्यांनी एकदा आजूबाजूला नजर फिरवली.

"खेळू की अजून जरा," ते म्हणाले. "नंबराला थांबलंय कोण?"